आईला कॅन्सर निघालाय, सल्ले पन्नास आहेत: आधार कुणाकडून आणि कसला घ्यायचा?

इंदूरहून एका ताईंनी विचारलंय. आईचं वय ५८. डाव्या स्तनात गाठ होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला, त्याला आठ दिवस झाले. आईला फक्त 'साधी गाठ आहे, काढली की झालं' एवढंच सांगितलंय. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो मुंबईला टाटात न्या. आत्या म्हणते, केमो दिली की माणूस लवकर जातो. मोबाइलवर रोज नवे काढे आणि नवे वैद्य येताहेत. 'कुणाचं ऐकू? आणि आईला कसं सांभाळू, मला स्वतःलाच रडू आवरत नाही,' असा तुमचा प्रश्न आहे.

कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुम्हाला माणसं कमी पडलेली नाहीत. अडचण अशी आहे की प्रत्येक जण प्रत्येक विषयावर बोलतोय. आत्या उपचार ठरवतेय, भाऊ गाव ठरवतोय, शेजारीण आहार ठरवतेय, आणि सोमवारी आईला सोनोग्राफीला कोण नेणार हे मात्र कुणीच ठरवलेलं नाही. आधाराची वाटणी करावी लागते. उपचार काय द्यायचे हे डॉक्टरांनी सांगायचं. ते दिवस कसे काढायचे, हे त्यातून गेलेल्या बायका सांगतील. घरची कामं नातेवाइकांनी उचलायची. आणि आईच्या मनातलं कुणी ऐकायचं, ते आईनं ठरवायचं. ही वाटणी झाली की निम्मा गोंधळ शांत होतो.

त्याआधी वेळेबद्दल, कारण सगळ्यांना तीच भीती असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासण्या पूर्ण करून नीट विचार करायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा नुकसान होत नाही. काढे घेत तीन-चार महिने घालवले तर होतं. याला अपवाद आहेत: रक्ताचा तीव्र कॅन्सर, श्वास लागणं, पाठीत दुखून पायांतली ताकद जाणं, यांत एक दिवसही थांबायचं नसतं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही. म्हणजे आठ दिवस वाया गेलेले नाहीत.

आता आईला सांगण्याबद्दल. लपवण्यामागे माया असते हे मी जाणते, पण ते निभत नाही. ऑपरेशनच्या आणि केमोच्या संमतिपत्रावर सही आईची लागणार. रुग्णालयाच्या पाटीवर, फाइलवर, शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या तोंडी, सगळीकडे तोच शब्द असणार. तिला तो परक्याकडून कळला, तर आजाराच्या दुःखावर 'माझ्याच लेकरांनी मला फसवलं' हे दुसरं दुःख चढतं. त्यानंतर तुम्ही 'रिपोर्ट चांगला आला' म्हणालात तरी तिचा विश्वास बसत नाही.

सकाळची वेळ निवडा, रात्रीची नको, कारण ऐकल्यावर अख्खी रात्र एकटीनं काढावी लागते. टीव्ही बंद, फोन बाजूला, खोलीत दोन माणसं पुरेत. सुरुवात प्रश्नानं करा: 'आई, या गाठीबद्दल तुला काय वाटतं?' बहुतेक वेळा कळतं की तिला संशय आलेला आहे. मग विचारा, 'सगळं सांगू, की तू विचारशील तेवढंच?' मग आधी मनाची तयारी करणारं एक वाक्य: 'बातमी चांगली नाहीये.' थोडं थांबून, 'गाठ कॅन्सरची आहे.' आणि मग गप्प बसा. इथेच सगळे चुकतात. ती शांतता सहन होत नाही म्हणून आपण भराभर धीर द्यायला लागतो, आणि तिचं रडणं अर्ध्यात तुटतं. ती बोलेपर्यंत हात धरून बसा. मग फक्त पुढची पायरी सांगा: 'परवा डॉक्टरांकडे जायचंय, मी बरोबर आहे.' 'तू शंभर टक्के बरी होणार' असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. प्रत्येक वेळी बरोबर येणं तुमच्या हातात आहे, तेवढंच द्या. ती म्हणाली, 'मला काही सांगू नका, तुम्हीच बघा,' तर तेही मान्य करा. मात्र तिच्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, हे तिच्याच तोंडून घ्या. स्मृतिभ्रंश असेल किंवा आधीपासून मानसिक आजार असेल तर सांगण्याची रीत बदलते, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कागदपत्रांकडे वळू, कारण चांगला सल्ला कागदावर अवलंबून असतो. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'ग्रेड' असतो. तो 'स्टेज' नव्हे. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात किती पसरलाय ते, आणि ती तपासण्यांनंतर ठरते. ग्रेड ३ वाचून 'तिसरी स्टेज आहे' असं नातेवाइकांत पसरलेलं मी वारंवार पाहते. पुढे ईआर, पीआर (गाठ स्त्री-हार्मोनांवर वाढते का) आणि हर-२ (या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तीन चाचण्यांचा निकाल हवा. हर-२ समोर २+ लिहिलेलं असेल तर उत्तर अधांतरी आहे, 'फिश' नावाची आणखी एक चाचणी लागते. ती झाल्याशिवाय कुणी औषधांची पक्की यादी देत असेल तर 'फिशचं काय?' असं जरूर विचारा. केमो आधी की ऑपरेशन आधी, केमो लागेल की नाही, हे याच निकालांवर आणि गाठीच्या आकारावर ठरतं. म्हणून मी इथे बसून ते सांगणार नाही, आणि आत्यांनाही सांगू देऊ नका.

लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लिहून मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात फेरतपासणी त्यावरूनच होते. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवला तर खराब होऊ शकतो. घरात सावलीत, डबीत ठेवा, फ्रीजची गरज नाही. प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि मूळ कागद तारखेनुसार एकाच फाइलीत लावा. केमो सुरू झाली की प्रत्येक वेळी कोणतं औषध किती मिलिग्रॅम दिलं, हे लिहिलेला कागद मागा.

इंदूर की मुंबई? माझं मत असं: मत मुंबईचं घ्या, उपचार शक्यतो घराजवळ घ्या. नेहमीची केमो दर २१ दिवसांनी किंवा दर आठवड्यानं असते, रेडिएशन काही आठवडे सलग असतं. एवढे दिवस परगावी राहून आई थकते, घर मोडतं, आणि ताप आला की जवळ कुणी नसतं. औषधं बहुतांशी तीच असतात. मात्र रिपोर्ट गुंतागुंतीचा असेल, ऑपरेशन अवघड असेल, किंवा दोन डॉक्टरांची मतं टोकाची वेगळी असतील, तर टाटा मेमोरियलला जाणं योग्य. आधी कागद पाठवून ऑनलाइन मत मागण्याची सोयही आहे, 'नव्या' या नावानं. प्रत्यक्ष जायचं तर अवंतिका एक्सप्रेस रात्रीत मुंबई सेंट्रलला पोहोचवते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात.

खर्चाचं थोडक्यात. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; चौकशीचा क्रमांक १४५५५. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मानच्या खिडकीवर विचारा, की हाच उपचार त्यांच्याकडे योजनेत बसतो का. नुसतं 'इथे कार्ड चालतं का' विचारून भागत नाही. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरीला वेळ लागतो, कागद आधीच द्या.

आता नातेवाईक. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारा प्रत्येक माणूस मनापासूनच म्हणतो, पण काय सांगायचं हे ठरवण्याचं ओझंही तुमच्यावरच टाकून जातो. म्हणून कामांची यादी तुम्हीच करा आणि नावानिशी वाटा. भावाला पुण्यात बसून करता येईल असं: विम्याचे फोन, मुंबईची वेळ घेणं, रोज रात्री आठ वाजता सगळ्या नातेवाइकांना एकच निरोप पाठवणं. यानं तुमचे दिवसाचे दहा फोन वाचतात, आणि तेच ते दुःख दहा वेळा सांगावं लागत नाही. काकूंना मंगळवार-शुक्रवारचा डबा. गाडी असलेल्या चुलतभावाला तपासणीच्या दिवशी ने-आण. आणि आत्या? त्या घाबरल्यात, दुष्ट नाहीत. त्यांना दुपारी दोन तास आईजवळ बसायला बोलवा, एका अटीवर: कोण कसं गेलं हे बोलायचं नाही. त्यांच्या तोंडून चुलतनणंदेची, मैत्रिणीच्या सासूची गोष्ट निघाली की तुम्ही सरळ म्हणा, 'आत्या, आज आईला हे ऐकवायचं नाही.' उद्धटपणा वाटला तरी चालेल.

यातून गेलेल्या बायकांचा आधार मात्र वेगळाच, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९५२ मध्ये 'रीच टू रिकव्हरी' सुरू झालं ते याच कल्पनेवर: ऑपरेशन झालेल्या बाईला, तेच ऑपरेशन होऊन गेलेली बाई भेटायला जाते. ती दारातून चालत आत येते, साडी नेसलेली, हसतमुख, यानंच अर्धं काम होतं. आपल्याकडेही रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारलं तर अशी एखादी ताई गाठून देतात. फोनवर बोलणं झालं तरी चालतं, रुग्णांचे व्हॉट्सअ‍ॅप गटही असतात.

त्यांच्याकडून काय घ्यायचं? औषधाच्या चिठ्ठीत नसलेल्या युक्त्या. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात, म्हणून आधीच बारीक कापले तर उशीवरचे पुंजके पाहून बसणारा धक्का कमी होतो. लाल रंगाच्या केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला आधीच घ्यायची. त्याच गोळीनं पोट घट्ट होतं, म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी लागेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. तोंडाला धातूची चव येते तेव्हा स्टीलऐवजी लाकडी चमचा बरा वाटतो. तोंड येऊ लागलं तर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा हलकेच चुळा. पाणी रोज ताजं करायचं. ऑपरेशननंतर हात वर जात नाही, तेव्हा पुढून उघडणारे सैल ब्लाउज आधीच शिवून ठेवायचे.

आणि काय घ्यायचं नाही? त्यांची औषधं आणि त्यांचा शेवट. दोन बायकांना 'स्तनाचा कॅन्सर' असतो, तरी आजार वेगळेच असतात. एखादीचा अनुभव आईला लावण्याआधी विचारा: ईआर-पीआर काय होतं, हर-२ काय होतं, स्टेज कोणती, कोणती औषधं दिली? चारही जुळत नसतील तर तिची कथा तुमची नाही, चांगली असो वा वाईट. गटातली कुणी वारली की घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. असे गट आईऐवजी तुम्ही वाचा, तेही दिवसातून एकदा, रात्री झोपताना नको. रिपोर्टचा फोटो टाकायचा असेल तर नाव, मोबाइल आणि नोंदणी क्रमांक कापून टाका. काढे विकणारे नेमके तिथेच नंबर शोधत असतात.

काढ्यांबद्दल मी आयुर्वेदाचा अपमान करत नाही. पण केमोच्या काळात यकृत आधीच औषधांशी झुंजत असतं. भस्मं, अर्क, हळदीच्या दाट गोळ्या सुरू झाल्या आणि रक्तात यकृताचे आकडे वाढले, की केमो पुढे ढकलावी लागते, आणि नेमकं कशानं वाढलं हे कुणालाच कळत नाही. भाजीतली हळद चालेल, चमच्याची नको. घ्यायचंच असेल तर बाटली डॉक्टरांसमोर ठेवा. जो माणूस सगळ्या प्रकारच्या कॅन्सरवर एकच औषध देतो, आधी पैसे मागतो, केमो बंद करायला सांगतो आणि कागदावर नाव लिहीत नाही, त्याला परत फोन करू नका.

आता इंदुरात राहणाऱ्या आपल्या घरांची एक खास अडचण. आई मराठीत दुखतं म्हणते, डॉक्टर हिंदीत ऐकतात, कागद इंग्रजीत लिहिला जातो. यात फार काही सांडतं. 'कसंतरी होतंय' याचं तुम्ही 'तबीयत ठीक नहीं' करता, आणि डॉक्टर पुढे जातात. आईला खोदून विचारा: ठणका आहे की कळ, आग होतेय की मुंग्या येताहेत, मळमळ आहे की नुसती अन्नावरची वासना गेलीय? मुंग्या म्हणजे झुनझुनी, हे नीट सांगा, कारण पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधांनी नसांना त्रास होतो तेव्हा सुरुवात तिथूनच होते. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, पायातली चप्पल निसटते कळत नाही, असं असेल तर तेच वाक्य सांगा; त्यावरून डोस बदलता येतो. सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कणकण'. आपल्या आया ताप आला असं म्हणत नाहीत, 'जरा कणकण आहे' म्हणतात आणि पांघरूण घेऊन पडतात. केमोच्या दिवसात कणकण म्हणाली की थर्मामीटर.

जिभेखाली १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आलं, तर ती तातडीची वेळ आहे, रात्रीचे दोन वाजलेले असोत. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, ताप दबतो आणि संसर्ग आत वाढतो. फोन करा, निघा, आणि तिथे पहिलं वाक्य म्हणा: 'इनकी कीमो चल रही है, बुखार है.' काखेत मोजलं तर आकडा थोडा कमी दिसतो, म्हणून काखेत १०० आलं तरी फोन करा. कोणत्या दिवशी कुठे जायचं, रात्री कोणत्या क्रमांकावर बोलायचं, हे पहिल्या केमोच्या दिवशीच लिहून फ्रीजवर लावा. याच दिवसांत सर्दी-खोकला असलेले पाहुणे नकोत, आणि सराफ्यातलं, छप्पनवरचं, म्हणजे बाजारातलं खाणं नको. घरचे गरम पोहे खुशाल द्या. फळं बंद करायची गरज नाही, नीट धुऊन सोलून द्यावीत.

आता आईच्या मनाबद्दल, आणि तुमच्याही. 'मन खंबीर ठेव म्हणजे बरी होशील' हे वाक्य घरातून काढून टाका. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ८६ बायकांच्या अभ्यासात, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये आधारगटात जाणाऱ्या जास्त जगल्या असं दिसलं होतं. ते पुन्हा तपासायला कॅनडात २३५ बायकांचा अभ्यास झाला, २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही, पण मनाची घालमेल आणि वेदनेची जाणीव कमी झाली, ज्या आधी जास्त खचल्या होत्या त्यांची तर विशेष. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. आई रडली तर तिचा आजार वाढणार नाही, हे तिला सांगा. तिला रडू द्या, आणि तिच्यासमोर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तरी लपवू नका.

दर आठवड्याला दोघींनी एकमेकींना विचारा: शून्य ते दहामध्ये आज मनाचा त्रास किती? चार किंवा वर असेल तर रुग्णालयातल्या समुपदेशकाला सांगायचं. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, असं झालं तर मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि त्यांची औषधं डॉक्टरांच्या माहितीत केमोसोबत घेता येतात. जगण्याचाच कंटाळा आल्याचं कुणीही बोललं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तो काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. तुम्ही तिथे मराठीत बोलायचं आहे असं सांगून पाहा.

शेवटी एक गोष्ट, जी आत्ता दूरची वाटेल. उपचार संपतात त्या दिवशी पेढे वाटले जातात, डबे थांबतात, फोन थांबतात, आणि नेमकं तेव्हा बऱ्याच बायका खचतात. इतके महिने रोज काहीतरी केलं जात होतं, आता नुसती वाट पाहायची असते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), आणि ईआर पॉझिटिव्ह असेल तर निदान पाच वर्षं रोजची गोळी. तपासणीच्या आधीचा आठवडा सगळ्यांनाच जड जातो. म्हणून आत्ता कामं वाटताना काकूंना सांगून ठेवा, की त्यांचा शुक्रवार केमो संपल्यानंतरही चालू राहील. डबा नको असेल तेव्हा नुसतं चहाला यावं.